मुकीनं दिलेली ओ

मुकीला नव्या प्लेटवर उतरवायचं काम शुक्रवारचं, आणि ते ताई दुसऱ्या कुणाला करू देत नसत. एरवी प्रयोगशाळेतली कामं त्या खुशाल वाटून द्यायच्या. पण मुकीचं नाव निघालं की "राहू दे, माझं मी बघते," म्हणून स्वतः उठायच्या, हात धुवायच्या, दिवा पेटवायच्या आणि तारेचा लूप लाल होईपर्यंत ज्योतीत धरायच्या. सगळं अगदी सावकाश. लेकराला न्हाऊ घालताना बाईमाणूस घाई करत नाही, तशा त्या करत नसत.

मुकी म्हणजे कुणी माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मुकी म्हणजे एक जिवाणू. साचलेल्या पाण्यात आणि चिखलात राहणारी एक जात असते. ती माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. पण अंगावर कुठे खरचटलेलं असलं, तिथे ते पाणी लागलं आणि दिवस वाईट असले, तर ती आत शिरते आणि हां हां म्हणता माणूस हातचा जातो. इतकी दुर्मीळ, की कितीतरी डॉक्टरांची सबंध नोकरी तिला फक्त पुस्तकात बघण्यात संपते. तिची खूण म्हणजे तिचा रंग. गर्द जांभळा, शाई सांडावी तसा.

आणि खरी गोम त्या रंगातच आहे. ही मंडळी थोडकी असताना जांभळी होत नाहीत. पांढुरकी, गरीब बिचारी दिसतात. पण त्यातला प्रत्येक जण आपल्या परीनं हाक मारत असतो. हाक म्हणजे आवाज नव्हे, अंगातून पाझरणारा एक पदार्थ. मी आहे, तू आहेस का, आणखी कोण आहे? हाका वाढत जातात, गर्दी वाढत जाते, आणि पुरेसे जमलो असं कळलं की सगळे एकदम रंग धरतात आणि एकदम कामाला लागतात. तोवर दाद लागू देत नाहीत.

मुकी याच जातीतली, पण तिची हाक मारायची शक्ती कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेत काढून टाकलेली. ऐकू मात्र येतं. एकटी ठेवली तर ती जन्मभर पांढरी राहील. शेजारी बोलक्या बहिणीची रेघ ओढली, की दुसऱ्या दिवशी सकाळी मुकीची त्या बाजूची कड जांभळी झालेली असते. प्लेटमधल्या घट्ट जेलीतून हाक झिरपत येते आणि ही ओ देते. विद्यार्थ्यांना दाखवायला याहून सोपा प्रयोग नाही, म्हणून तर तिला जपली होती. "हवेतून जाते का हो ही हाक, ताई?" असं दर वर्षी कुणीतरी विचारायचंच.

"नाही," ताई म्हणायच्या. एवढंच.

ताईंचं बोलणं मुळातच मोजकं. रुग्णालयाच्या तळघरातली ती प्रयोगशाळा, फ्रीजची घरघर, फिनेलचा वास आणि दिवसभर डोळ्यांसमोर प्लेटा. तिथे बोलायचं तरी कुणाशी? लग्नाचं वय असंच गप्प बसून निघून गेलं. नंतर झालं ते लग्न बसमध्ये जमलं. ताई वर्षानुवर्षं एकाच बसनं कामावर यायच्या आणि कंडक्टरला स्टॉपचं नाव सांगण्यापलीकडे एक अक्षर बोलायच्या नाहीत. कंडक्टर मात्र पाण्याच्या टाकीपासून डेपोपर्यंत अखंड बोलायचा. एके दिवशी त्यानं तिकीट हातात ठेवत विचारलं, "बाईसाहेब, मी निवृत्त होतोय. उद्यापासून बडबड कुणापुढे करू?" ताई स्टॉपवर उतरल्या, दोन पावलं गेल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "माझ्यापुढे करा." हा किस्सा तो कंडक्टर येईल त्याला सांगायचा. सबंध रुग्णालय त्याला 'ताईंचे यजमान' म्हणून ओळखत होतं.

उशिरा मिळालेलं सुख होतं ते, आणि ताईंना त्याची पुरेपूर जाणीव होती. रोज दुपारी यजमान डबा घेऊन तळघरात उतरायचे. जिन्यावरूनच बोलणं सुरू. प्रयोगशाळेत खायला बंदी, म्हणून दोघं शेजारच्या छोट्या खोलीत बसायचे. मध्ये काच, काचेला लागून प्रयोगशाळेच्या बाजूनं एक अरुंद फळी. इन्क्युबेटर भरलेला असला की ताई मुकीची प्लेट त्या फळीवर ठेवायच्या. मुकीला फार ऊब लागत नाही, खोलीतली पुरते. आणि खरं सांगायचं तर जेवताना ती नजरेसमोर असली की ताईंना बरं वाटायचं.

त्या शुक्रवारी यजमान आले ते किंचित लंगडत.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"काही नाही गं. गच्चीवरचा कमळांचा टब धूत होतो, त्याची फुटकी कड नडगीला लागली. खरचटलंय नुसतं. कमळं मात्र अशी आलीत, की तुझ्या त्या मुकीलाही कंठ फुटेल." आणि काचेकडे बघून त्यांनी हात हलवला. "काय मुकीबाई, बरं आहे ना?"

ताई हसल्या. पोटभर जेवल्या. त्या दुपारी त्यांना कसलीही काळजी नव्हती.

शनिवारी सकाळी त्यांनी फळीवरची प्लेट उचलली आणि तिथेच उभ्या राहिल्या. मुकी जांभळी झाली होती. सगळी नाही, एकाच बाजूची बारीकशी कड. काचेच्या बाजूची.

ताईंनी आधी स्वतःचीच चूक धरली. दुसरं काहीतरी प्लेटवर पडलं असणार, कुणी बोलकी चुकून लागली असणार. भिंगाखाली त्यांनी प्लेटचा कोपरा न कोपरा तपासला. मुकीशिवाय प्लेटवर कुणी नव्हतं. त्यांनी ती प्लेट वाफेत घालून मारून टाकली, फ्रीजमधल्या जपून ठेवलेल्या नळीतून मुकी नव्यानं काढली आणि पुन्हा फळीवर ठेवली. शनिवारी प्रयोगशाळा अर्धाच दिवस असायची, त्यामुळे डबा नव्हता. रविवारी सुट्टी. सोमवारी सकाळी प्लेट स्वच्छ पांढरी होती. झालं, चूकच होती म्हणायची, असं म्हणून ताईंनी सुटकेचा श्वास टाकला.

सोमवारी दुपारी यजमान आले. पंख्याचा वारा थेट अंगावर येतो म्हणून नेहमीची खुर्ची सोडून दाराजवळच्या खुर्चीत बसले. अंगात जरा कणकण आहे म्हणाले. डबा निम्मा ठेवला, पण बोलणं पुरतं केलं.

मंगळवारी सकाळी ताईंनी दुरूनच पाहिलं. मुकीची कड जांभळी होती, आणि ती काचेसमोर नव्हती. कोपऱ्यात सरकली होती. दाराजवळच्या खुर्चीच्या बाजूला.

ताई स्टुलावर बसल्या. कानांत नुसती फ्रीजची घरघर होती. हवेतून हाक जात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. काच तर मध्ये होतीच. पण मुकीनं कुणालातरी ओ दिली होती, आणि त्या खुर्चीत कोण बसलं होतं हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. कमळांचा टब. साचलेलं पाणी. नडगी. त्या घाबरल्या होत्या, आणि एवढ्या तर त्या आयुष्यात कधीच घाबरल्या नव्हत्या. आजवर गमवायला त्यांच्याकडे होतं तरी काय?

त्यांनी घरी फोन लावला. "डबा राहू द्या. रिक्षानं या. आत्ता."

"अगं, पण..."

"आत्ता."

वॉर्डाचे डॉक्टर वयानं लहान आणि स्वभावानं मिस्कील होते. ताई स्वतः होऊन जिना चढून वर आल्या, हेच त्यांना नवल वाटलं. यजमानांनी खुर्चीत बसल्या बसल्या पँट वर केली. नडगीवर एक फोड होता, टपोरा, भोवती काळपट निळी कड. डॉक्टरांचा मिस्कीलपणा तिथल्या तिथे गेला.

"साचलेल्या पाण्यात लागलंय," ताई म्हणाल्या. "जांभळी असेल."

"जांभळी? ताई, ती मी परीक्षेत लिहिली होती, तेवढीच." डॉक्टरांनी पुन्हा फोडाकडे पाहिलं. "कशावरून म्हणता?"

ताईंनी प्लेटचं सांगितलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे मला पटत नाही. प्लेट काय, ती सत्तर कारणांनी बिघडते. पण हा फोड मला आवडला नाही, हा ताप आवडला नाही, आणि त्या टबाचं पाणी तर मुळीच आवडलं नाही. माझ्यासाठी तेवढं बस आहे. रक्त कल्चरला पाठवतो आणि दाखल करून घेतो. नेहमीच्या औषधांना ती दाद देत नाही, म्हणून जी लागू पडतात तीही आजच सुरू करू. तिचं काही निघालं नाही तर बंद करता येतील."

"डॉक्टर, एवढ्याशा फोडाला एवढा सरंजाम?" यजमान म्हणाले. "मी काय राजा आहे?" आणि बोलता बोलता त्यांचे दात वाजायला लागले. हुडहुडी अशी भरली, की खुर्ची खडखडा हलू लागली. सिस्टर धावत आली. तिनं आणि ताईंनी मिळून त्यांना पलंगावर निजवलं.

दुपार टळली तसा ताप चढत गेला. वॉर्डाच्या टोकाची खोली होती ती, एकच पलंग असलेली. खिडकीसमोर उंच भिंत, त्यामुळे उजेड लवकर विझला. छतावरून एक दांडी गेली होती, तिला हिरवा पडदा आणि पडद्याची दोरी. सलाइनचे थेंब नळीतून उतरत होते. कोपऱ्यातलं बेसिन गळत होतं. टप... टप... डॉक्टर येऊन नाडी बघून गेले. "रक्तदाब उतरतोय," ते हळूच म्हणाले. "औषध आत गेलंय, आता त्याला वेळ द्यायचा. तुम्ही त्यांच्याजवळच बसा."

ताई बसल्या. यजमान गप्प होते. त्यांना गप्प बघायची ताईंना सवयच नव्हती. त्यांना रडू फुटत होतं, पण हमसून रडलं तर ते जागे होतील म्हणून त्यांनी पदर तोंडात धरला.

तेवढ्यात ते बोलले. डोळे मिटलेलेच. "पुढे सरका..."

"अहो, मी आहे."

"पुढे सरका... आत जागा आहे."

तापात बस दिसतेय, ताईंना वाटलं. वाटणारच. सगळं आयुष्य त्यांचं त्या बसमध्ये गेलेलं. त्यांनी कपाळावरची पट्टी बदलली.

"कोण चढतंय?" त्यांनी सहज विचारलं.

"दिसत नाहीत... मागच्या दारानं येतायत. एकेक... एकेक..." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "एकमेकांना विचारतायत."

"काय विचारतायत?"

"किती झालो... पुरेसे झालो का..."

आणि त्याच वेळी ताईंना तो वास आला. कडवट बदामासारखा, अगदी पुसट. बोलक्या जातीची प्लेट उघडली की नाकाला कळतो, तोच वास. प्रयोगशाळा दोन मजले खाली होती. खोलीत प्लेट नव्हती, काहीच नव्हतं. वास पलंगापाशी होता.

"अहो... उतरवा त्यांना."

"कसं उतरवू? त्यांनी तिकिटं काढलीत." यजमान हसले, आणि ते हसू त्यांचं नव्हतं. "थोडेच राहिलेत... भरली की सोडतो गाडी."

आणि त्यांचा उजवा हात वर जायला लागला. सावकाश, वर, पडद्याच्या दोरीकडे. बसच्या छताला घंटीची दोरी असते. एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की चालू पडायचं, ही सवय त्या हातात मुरलेली होती. ताईंना सगळं लख्ख कळलं. घंटी वाजली की ते सगळे एकदम कामाला लागणार. त्यांनी झडप घालून तो हात धरला. दुबळ्या, तापानं फणफणलेल्या माणसाचा हात, पण दोन्ही हातांनी रेटूनही तो खाली येईना. कांकणं मनगटात रुतली. बोटं दोरीच्या वीतभर खाली होती.

"थांबा!" ताई म्हणाल्या. "अहो, स्टॉप आला ना! कुणाला तरी उतरायचं असेल!"

हात जरासा अडखळला.

"कोणता?" यजमानांनी विचारलं.

वर्षानुवर्षं खिडकीशी बसून ताईंनी ते स्टॉप ऐकले होते. एकही विसरल्या नव्हत्या. पण ते मोठ्यानं उच्चारायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांनी घसा खाकरला आणि जन्मात कधी काढला नव्हता असा आवाज काढला.

"पाण्याची टाकी! टाकीवाले उतरून घ्या! चला, लवकर!"

यजमानांचे ओठ हलले. "उतरले... दोघं उतरले."

"शाळा! शाळावाले! दारात गर्दी करू नका, उतरायचं त्यांना वाट द्या!"

"उतरतायत..."

दार उघडून सिस्टर आत डोकावली. नाकासमोर चालणाऱ्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेल्या ताई भर वॉर्डात बसचे स्टॉप पुकारताना बघून ती दारातच थबकली. ताईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. काय दिसलं सिस्टरला कोण जाणे, पण ती आत आली, सलाइनची बाटली बदलली, नाडी पाहिली आणि यजमानांचा दुसरा हात धरून उभी राहिली.

"जुना पूल! पूल आला! अहो, मागच्यांना सांगा, पूल आला!"

"जा म्हणतोय, पण जायचं नाही म्हणतात..."

"नाही कसं? गाडी पुढे जात नाही म्हणावं. उतरा! मी सांगतेय, उतरा!" ताई ओरडत होत्या, रडत होत्या, आणि हात सोडत नव्हत्या. भाजी मंडई. छापखाना. टपाल कचेरी. एका स्टॉपला कुणी उतरलं नाही तर त्या पुन्हा पुकारायच्या, उतरेपर्यंत पुकारायच्या. मध्येच गाडी रेंगाळली की कंडक्टरला दम भरायच्या. "कंडक्टर, लक्ष कुठे आहे तुमचं?" यजमान ओशाळून म्हणायचे, "चुकलं, बाईसाहेब." औषध थेंबाथेंबानं उतरत होतं. तो वासही कमी होत गेला. हाताचं बळ हळूहळू ओसरलं आणि हात ताईंच्या मांडीवर येऊन पडला. गरम होता, पण आता तो त्यांचा होता.

"डेपो," ताई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. त्यांचा घसा पार बसला होता. "शेवटचा स्टॉप. गाडी रिकामी करा. झाली का रिकामी?"

बेसिन टपटपत राहिलं.

"एक जण उतरत नाही," यजमान म्हणाले.

"कोण?"

"मागच्या सीटवर... बाई आहे कुणीतरी. पांढऱ्या कपड्यातली."

"काय म्हणतेय?"

"काहीच नाही. बोलत नाही ती... नुसती ऐकतेय."

सिस्टरनं ताईंकडे पाहिलं. ताईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या पुढे वाकल्या आणि यजमानांच्या कानाशी, पण यजमानांना नव्हे, म्हणाल्या, "ये गं. इथे नको थांबूस. माझ्याबरोबर चल."

यजमानांनी लांब श्वास सोडला. कपाळावर घाम डवरला. "गेली," ते म्हणाले, आणि कूस वळवून झोपले.

ताप उतरला होता. डॉक्टरांनी येऊन रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला, आणि खुर्ची ओढून ताईंच्या शेजारी बसले. सिस्टरला त्यांनी ताईंसाठी चहा आणायला सांगितलं.

रक्ताच्या कल्चरमधून जे उगवलं ते गर्द जांभळं होतं. प्रयोगशाळेतली मुकीच तर नाही ना आली, म्हणून डॉक्टरांनी खात्री करून घेतली. नव्हती. ही स्वतः होऊन रंग धरणारी, चांगली बोलकी होती. टबाच्या पाण्यातही तीच सापडली. "आणखी एक दिवस गेला असता तर मी काहीही करू शकलो नसतो," डॉक्टरांनी यजमानांना सांगितलं. बसचं आणि वासाचं ताईंनी त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "ताई, हाकांची गोष्ट तुम्हीच त्यांना कधीतरी सांगितली असणार. तापात माणूस ऐकलेलंच बोलतो." ते खरं होतं. त्यांनी सांगितली होती. ताईंनी मान डोलावली आणि विषय सोडून दिला. नवरा बरा झाला होता, आणखी काय हवं होतं?

फक्त एक झालं. पुढच्या शुक्रवारी मुकी नव्या प्लेटवर उगवलीच नाही. फ्रीजमधली नळी काढली, त्यातूनही नाही. सगळ्या नळ्या करून पाहिल्या. विद्यार्थ्यांसाठी दुसरीकडून नवी मागवावी लागली. नव्या मुकीची प्लेट उतरवायचं काम ताईंनी कुणा दुसऱ्याला देऊन टाकलं.

यजमान घरी आले, धडधाकट झाले, आणि पहिल्यापेक्षा दुप्पट बोलायला लागले, कारण सांगायला नवा किस्सा मिळाला होता. "माझी बायको, जिला मी लग्नाआधी फक्त स्टॉपचं नाव घेताना ऐकलं, तिनं अख्खा रूट पुकारला हो! आणि वर मलाच रागे भरली!" गच्चीवरचा टब त्यांनी मुकाट्यानं काढून टाकला आणि तिथे कोरड्या मातीत येणारी झाडं लावली. ताईही जरा बोलक्या झाल्या होत्या. सगळे म्हणायचे, ताई हसतात किती हल्ली! खोटं नव्हतं ते. सकाळी उठून शेजारी तो माणूस घोरताना ऐकला की त्यांना उगाचच हसू यायचं.

परवाचीच गोष्ट. सुट्टीचा दिवस, उन्हं उतरलेली, दोघं स्वयंपाकघरात. यजमान टेबलाशी बसून मटार सोलत होते आणि एक सोललेला भांड्यात, दोन तोंडात, असं चाललं होतं. ताई ओट्याशी उभ्या राहून त्यांचं ऐकत होत्या. डेपोतल्या कुठल्याशा जुन्या ड्रायव्हरची गोष्ट होती, आधी पुष्कळदा ऐकलेली, तरी त्या हसत होत्या.

मध्येच यजमान थांबले. हातातली शेंग तशीच राहिली.

"कुणाला ओ दिलीस?"

"तुम्हालाच की."

"मी कुठे हाक मारली? मी तर बोलतोय तुझ्याशी."

ताई काहीतरी म्हणणार होत्या, पण त्यांच्या लक्षात आलं की आपण ओट्याशी नाही. बाहेरच्या खोलीत आहोत, दारापाशी, ओले हात तसेच, आणि कडी निम्मी काढलेली आहे. जिन्यात कुणाची चाहूल नव्हती. रस्त्यावरही सामसूम होती. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, यजमान उठून येत होते, घाबरून त्यांना हाक मारत होते. ती हाक त्यांना ऐकू येत होती. पण दुसरी त्याहून जवळची होती, आणि एकट्याची नव्हती.

"आले," ताई म्हणाल्या, दाराकडे तोंड करून.